कोरेगावात बसवलेले पिकअप

मी सांगलीत एका खासगी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढतो. दिवसभरात लोकांशी माझं बोलणं ठरलेलं असतं. गळ्यातलं काढून ठेवा, हनुवटी वर, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. मग पुढचा माणूस. विश्रामबागेत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर खोली भाड्यानं घेऊन अकरा वर्षं राहतोय. लग्न झालं नाही. आईवडील गेले, भाऊ पुण्यात असतो. संध्याकाळी खोलीवर आलं की चहा करायचा आणि गिटार मांडीवर घ्यायची, एवढंच.

गिटार इलेक्ट्रिक आहे आणि मी वाजवतो ते मेटल. हे ऐकलं की लोक आधी गिटारकडं बघतात, मग माझ्या टकलाकडं. हॉस्पिटलातल्या एका सिस्टरनं एकदा विचारलं होतं, "म्हणजे ते ओरडतात ते?" मी हो म्हणालो. त्यापलीकडं त्या विषयावर सांगलीत माझं कुणाशी बोलणं झालेलं नाही.

कॉलेजात असताना आम्ही तिघं होतो. मी गिटारवर, बेस वाजवणारा आणि गाणारा एक, आणि ड्रमवर माझा मित्र. मित्र शिराळ्याच्या पुढचा, वारणेच्या अंगाला त्याचं गाव. त्याच्या चुलत्यानं काढलेला कोंबड्यांचा धंदा बसला होता आणि शेड रिकामं पडलं होतं. ओळखीच्या ऑर्केस्ट्रावाल्यानं टाकून दिलेला ड्रमसेट आम्ही टेम्पोतून तिथं नेला. शनिवारी दुपारी सांगलीतून निघायचं आणि रविवारी संध्याकाळी परतायचं. शेडमध्ये कोंबड्यांचा वास कायम होता, पत्रे तापलेले असायचे, आणि आम्ही घाम गाळत आमचं स्वतःचं एकच गाणं शंभर वेळा वाजवायचो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते दीड मिनिट वाजलं. मग कुणीतरी स्टेजची वीज बंद केली. मित्र त्यानंतरही वाजवत राहिला, कारण ड्रमला वीज लागत नाही. अंधारात तो एकटा वाजवतोय आणि आम्ही दोघं मुक्या गिटारी घेऊन उभे, असं पूर्ण गाणं त्यानं संपवलं.

त्याच वर्षी तो भरतीत निवडला गेला, तोफखान्यात. गाणारा पुढं परदेशात गेला आणि त्याचा नंबर बदलला. मी तंत्रज्ञाचा कोर्स करून नोकरीला लागलो.

मित्राशी संबंध राहिला, पण विरळ. सुट्टीवर आला की भेटायचो. पुढं त्याचं लग्न झालं, सुट्ट्या घरच्या कामांत जायला लागल्या आणि भेटी फोनवर आल्या. गेल्या चार-पाच वर्षांत तर फोनही नाही, नुसते मेसेज. मला वाटायचं, माणूस मोठा झाला की असंच होत असणार.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याचा मेसेज आला. "पुढच्या महिन्यात कायमचा घरी येतोय. सतरा वर्षं झाली. आता वाजवायचं गड्या."

मी तो मेसेज डब्यातली भाजी गार होईपर्यंत वाचत बसलो.

त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन गिटार अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला जोडली आणि नेहमीची घूंघूं सुरू झाली. इतकी वर्षं मी ती चालवून घेतली होती. इलेक्ट्रिक गिटारचा साधा पिकअप म्हणजे तारांखालच्या लोहचुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत बारीकशी वीज हलते, आणि तीच अँपमधून आवाज होऊन बाहेर पडते. पण हे वेढे खोलीतलं बाकीचंही सगळं ऐकतात. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, खाली घरमालकांची पाण्याची मोटर. साध्या गाण्याला हे खपून जातं. मेटलला आवाज इतका चढवावा लागतो की त्याच्याबरोबर ती घूंघूंही चढते. आणि मेटलची अर्धी ताकद थांबण्यात असते. घणाचा घाव घातल्यासारखं वाजवायचं आणि एकदम गप्प व्हायचं. माझी गिटार गप्प व्हायचीच नाही.

मी अॅक्टिव्ह पिकअप मागवले. त्यांच्या पोटातच एक छोटा अँप असतो. तो चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. वेढे कमी, त्यामुळे खोलीतला कचरा कमी ऐकू येतो, आणि आतला अँप तारेचा आवाज ताकद लावून बाहेर पाठवतो. मेटल वाजवणारे पुष्कळ लोक हेच वापरतात. मित्र येईल, तेव्हा गिटार अशी वाजली पाहिजे की त्यानं शिवी हासडली पाहिजे, हे माझ्या डोक्यात होतं.

पार्सल आलं. गिटार उघडली तर तिच्या पोटात बॅटरीला जागाच नव्हती. लाकूड कोरावं लागणार होतं आणि माझा हात त्या कामाचा नाही. मी मिरजेला तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेलो. एका म्हाताऱ्या कारागिरानं गिटार हातात घेतली, उलटी केली, बोटानं ठोकून पाहिली आणि अदबीनं परत दिली. "भोपळ्याचं असतं तर केलं असतं. हे विजेचं आहे." मग म्हणाला, "कोरेगावला एक बेंजोवाले आहेत. विजेचे बेंजो तेच बनवायचे. त्यांना दाखवा."

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी कोरेगावला गेलो. स्टेशनापासून विचारत विचारत घर सापडलं. दारावर पंचरंगी झेंडा, ओट्यावर दुरुस्तीला आलेले मिक्सर आणि टेबलफॅन. आत साठीच्या पुढचे एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून मिक्सर खोलत होते.

"काका, बेंजो तुम्हीच बनवायचा ना?"

"बनवत हुतो," ते म्हणाले. "कोन इचारतंय?"

मी गिटार पिशवीतून काढली. त्यांनी चष्मा खाली ओढला. मागची झाकणं उघडून आत बराच वेळ बघितलं आणि पहिल्यांदाच हसले. "ह्यो तर आमच्या बेंजोचाच भाऊ की. हितं चुंबक, हितं वेढे. आवं, आमच्या वेढ्यांसाठी मी शिलाई मशीनचं बॉबिन वापरायचो. बायको पायानं मशीन चालवायची आन् मी तार धरायचो. एक तुटली की पयल्यापासनं."

त्यांची बेंजो पार्टी होती, सातजणांची. वराती, जयंतीच्या मिरवणुका, जत्रा. पार कराडपासून फलटणपर्यंत सुपाऱ्या असायच्या. "मग डीजे आला," एवढंच ते म्हणाले. सातांतले तिघं वारले होते, एक मुंबईला मुलाकडं होता. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. हे सगळं त्यांनी पटाशीला धार लावता लावता सांगितलं. समोर माणूस बसला आहे तोवर सांगून घ्यावं, तशा घाईनं.

काम दुपारपर्यंत चाललं. बॅटरी लाकडावर ठेवून त्यांनी पेन्सिलीनं चौकट आखली आणि पटाशीनं थोडं थोडं लाकूड काढत गेले. दर चार घावांनी बॅटरी घालून बघायचे. मी सोबतचा कागद वाचून दाखवत होतो. कुठली वायर कुठं, वायर खोचल्यावरच बॅटरी चालू व्हावी म्हणून कुठलं सॉकेट. ते डाग देत होते, राळेचा धूर वर जात होता. एका जागी मात्र ते अडले.

"तारांकडं जानारी ही अर्थिंगची वायर. ही कुठं जोडायची?"

"ती जोडायची नाही म्हणतात. काढून टाकायची."

"अर्थिंग काढायची?" त्यांनी इस्त्री ठेवावी तशी सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवली. "असं कसं वो? बेंजोवर हात ठेवला की हमिंग कमी हुतं, ते त्या वायरीमुळं. मानसाचा हात पायजेच."

मी पुन्हा वाचून दाखवलं. जुन्या पिकअपना तसं लागतं. हात तारांवर असला की आवाज शांत, काढला की घूंघूं. नव्यांना लागत नाही. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी वायर कापली आणि टोकाला टेप गुंडाळली. मी आणलेला छोटा अँप जोडला, आवाज पूर्ण चढवला आणि दोन्ही हात वर केले.

काही ऐकू आलं नाही. बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला तेवढाच.

"चालू हाय का?" त्यांनी विचारलं.

मी खालच्या तारेवर एक घाव घातला. ओट्यावरच्या मिक्सरचं झाकण थरथरलं. तळहातानं तारा दाबल्या. आवाज कापल्यासारखा थांबला.

काकांनी अँपला कान टेकवून पाहिला. मग म्हणाले, "लय स्वच्छ हाय. पन जरा एकलकोंडं वाटतंय." आणि स्वतःच्या बोलण्यावर ते थोडे ओशाळले.

भिंतीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांचा बेंजो टांगलेला होता. मी म्हणालो, "काका, काढा की. एकदा दोघं वाजवू."

"तारा काढून ठेवल्यात," ते म्हणाले. "तारा असल्या की हात जातो."

जेवूनच जा म्हणाले. स्वतः केलेली वांग्याची भाजी आणि सकाळच्या भाकरी. परतीच्या गाडीला वेळ होता, तरी जेवण होताच मी काहीतरी कारण सांगून निघालो. मला मित्राच्या येण्याची घाई झाली होती. आता वाटतं, तासभर बसलो असतो तर काही बिघडलं नसतं.

मित्र आल्यावर आठवडाभरानं मी गिटार आणि अँप घेऊन त्याच्या गावी गेलो. तो एसटी थांब्यावर आला होता. केस कानांवर पांढरे झालेले, बाकी अंगानं तसाच ताठ. मला मिठी मारून त्यानं अँप उचलला.

"प्रवास कसा झाला?" त्यानं विचारलं. मी काहीतरी उत्तर दिलं. तो "व्हय व्हय" म्हणाला आणि चालू लागला. रस्त्यानं मी बोलत होतो, तो मान हलवत होता. दोनदा त्याचं उत्तर माझ्या प्रश्नाशी जुळलं नाही.

घरी त्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "भावजी, उजवीकडनं बोला. आन् जरा मोठ्यानं."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो आमच्या दोघांच्या तोंडांकडं पाहत होता. मग हसला. "सांगितलं व्हय हिनं? बरं झालं. मला सांगायला येत नव्हतं."

तोफेशेजारी सतरा वर्षं. कानांवर लावायला मिळायचं, पण हुकूम नीट ऐकू यावा म्हणून तो एक बाजू वर सरकवून ठेवायचा. आधी डावा कान गेला, मग उजवाही उतरत गेला. आणि वर एक शिट्टी. कुकरची शिट्टी लांबवर होते तशी, झोपेतून जागा झाला की पहिली तीच. म्हणून फोन बंद केले होते. "तू काय बोलतोयस ते कळायचं न्हाई. मग व्हय व्हय करत बसायचं. त्यापरीस मेसेज बरा."

"मग वाजवायचं कशाला म्हणालास?"

"वाटलं हुतं," तो म्हणाला.

मी म्हणालो, गिटार राहू दे, गप्पा मारू. त्यानं ऐकलं नाही. अँप घेऊन तो शेडकडं चालायला लागला. शेडमध्ये आता वैरण भरलेली होती, ड्रमसेट कुठं दिसत नव्हता. एका कोपऱ्यात जागा करून त्यानं अँप ठेवला, प्लग लावला आणि समोर पेंढीवर बसला. मी आमचं गाणं हळू आवाजात सुरू केलं.

"मोठं कर."

मी थोडं वाढवलं.

"मोठं कर की रं, असं काय वाजतंय?"

मी नॉब फिरवला. पत्रे घुमले. इतक्या वर्षांत ते गाणं इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं, हे मला वाजवतानाच कळत होतं. प्रत्येक घाव सुटा, प्रत्येक थांबणं कोरडं. मी मान वर केली तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते आणि जबडा आवळलेला. पुढच्या घावाला तो उठला आणि बाहेर गेला.

मी बाहेर आलो तेव्हा तो उसाच्या बांधावर दोन्ही कान तळहातांनी दाबून उकिडवा बसला होता. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं त्यानं हात काढले.

"बारीक असलं तर ऐकू येत न्हाई," तो म्हणाला, "आन् मोठं झालं की सुरी मारल्यागत हुतं. मधलं काय उरलंच न्हाई बघ." मग म्हणाला, "पन आवाज चांगला झालाय. घूंघूं गेली तुझी."

"नवे पिकअप कुणाकडं बसवलेत माहितीय?" मी म्हणालो आणि त्याला कोरेगावच्या काकांची हकिकत सांगायला लागलो. मोठ्यानं, उजवीकडून. अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की मी ओरडतोय आणि शेजारच्या शेतातली माणसं वाकून बघताहेत. मी आवरतं घेतलं.

सांगलीत आल्यावर महिनाभर गिटार उघडली नाही. नंतर हेडफोन लावून वाजवायला लागलो. खोलीत अगदी शांत असतं. वाजवलं तर कानांत अख्खा डोंगर कोसळतो, थांबलं की काही नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला एक माणूस खुर्चीवर बसून मान हलवतोय एवढंच दिसत असणार. एका रविवारी आमचं गाणं ड्रमशिवाय, गाणाऱ्याशिवाय रेकॉर्ड केलं आणि इंटरनेटवर टाकलं. नाव दिलं नाही. आठवड्यानं कुणा परक्या देशातल्या माणसानं खाली विचारलं, पिकअप कुठले? मी त्याला मोठं उत्तर लिहिलं. बॅटरीची जागा कशी कोरली, अर्थिंगची वायर का काढली, सगळं. लिहायला तास गेला. त्याचं पुढं काही आलं नाही.

पावसाळा संपता संपता मित्र आमच्या हॉस्पिटलात कान तपासायला आला. मीच आग्रह केला होता. कानाला मशीन लावलं तर निदान बोलणं तरी कळेल. तपासणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या होत्या, त्यांनी मला आत उभं राहू दिलं. काचेच्या पलीकडं एक कपाटाएवढी खोली असते, भिंतींना जाड फोम लावलेला. त्यात माणसाला बसवतात, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. दाबलं की बाईंच्या समोर हिरवा दिवा लागतो.

खालचे सूर झाले तेव्हा दिवा लागत होता. बाई कागदावर खुणा करत होत्या. मग त्या वर वर जात गेल्या. दिवा लागेना. त्यांनी आवाज वाढवला, पुन्हा वाढवला. काचेपलीकडं मित्र पाठ ताठ करून, अंगठा बटणावर ठेवून समोर बघत होता. शिस्तीत, हुकमाची वाट बघावी तसा. एक मिनिट गेलं असेल. मग तो काचेकडं वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "सुरू कवा करनार?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं.

मशीन मिळालं. बोलणं त्याला आता बरंचसं कळतं, घरी बायकोला कमी ओरडावं लागतं. शिट्टी मात्र जाणार नाही असं सांगितलंय. एका साखर कारखान्यावर सुरक्षेची नोकरी त्यानं धरली आहे, गेटवर.

मशीन बसवलं त्या दिवशी आम्ही स्टँडसमोर भेळ खाल्ली. त्याला भेळेचा कुरकुर आवाज फार मोठा वाटत होता, त्याचंच तो हसत होता. मग शिराळा गाडी लागली. तो चढला, खिडकीशी बसला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं तसा त्यानं चटकन कानामागं हात नेऊन मशीन काढलं आणि खिशात ठेवलं.

मी खालून म्हणालो, "ये एकदा खोलीवर. राहायलाच ये."

"व्हय व्हय," तो म्हणाला आणि हात हलवला.

गाडी वळून बाहेर पडेपर्यंत मी थांबलो. मग हॉस्पिटलात परत गेलो. जेवणाची सुट्टी संपली होती आणि बाकावर एक्स-रेसाठी चौघं बसले होते.